नमुना कार्डाचा कोपरा

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. रविवारच्या मंडळींना तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर तोंडच उघडत नाही. दोन-तीनदा प्रयत्न केला, आणि दर वेळी चहा मागवून विषय बदलला.

माझं सावेडीत चष्म्याचं दुकान आहे. धंदा बरा चालतो. पण नगरमध्ये काही माणसं मला ओळखतात ती चष्म्यांमुळे नाही, कार्डांमुळे. लहानपणी गोळ्यांच्या पुडीत पैलवानांची कार्डं यायची, आठवतात? ती आम्ही अजून जमवतो. हसा खुशाल, घरीही हसतातच. रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर असतं आणि आत आम्ही चार-पाच चाळिशी उलटलेले बाप्ये कार्डांवर वाकून भांडत असतो. अस्सल कुठलं, बनावट कुठलं, कशाच्या बदल्यात काय द्यायचं — शेवटचा निवाडा माझा. माझ्याकडे भिंग आहे, चांगला दिवा आहे, आणि माझा शब्द तिथे कोणी खाली पडू देत नाही. याचा मला केवढा माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

आता थोडं कार्डांबद्दल — त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाजारात जी कार्डं आली त्यांचे कोपरे गोल, पाठीवर पैलवानाची माहिती, लंगोट लाल. पण त्याआधी काही नमुने निघाले होते, इथेच, एमआयडीसीतल्या एका छापखान्यात. नमुन्याचे कोपरे चौकोनी, पाठ कोरी, लंगोट हिरवा. किती निघाले? तिथेच तर सगळी गोम आहे. छापखाना कधीच बंद पडला. कोणी म्हणतं मूठभर, कोणी म्हणतं गठ्ठाभर. अशा वस्तूची किंमत ठरवायची कशी? जेवढी समोर आली तेवढीच आहेत, असं धरून चालायचं, दुसरं काय! आणि समोर आलेलं होतं एकच — माझं, रद्दीच्या दुकानात सापडलेलं. जगात एकच, असं मी छाती ठोकून सांगायचो. कशावरून, असं कोणी विचारलं की म्हणायचो, दुसरं दाखवा.

दुसरं आलं.

दत्ता घेऊन आला. दत्ता शनिशिंगणापूरचा, देवळाच्या रस्त्यावर त्याचं प्रसादाचं दुकान आहे. आमच्यातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस, मला भाऊ म्हणतो. त्या रविवारी त्याच्याबरोबर त्याचे वडील होते. आबा. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, लग्नाला निघाल्यासारखे. आबा तरुणपणी त्या छापखान्यात बांधणीला होते, हे आम्ही दत्ताकडून ऐकलं होतं, पण कार्डाचं त्याने कधी काही सांगितलं नव्हतं. कारण त्यालाच ते नुकतं सापडलं होतं, घरातल्या उघड्या कोनाड्यात, जुन्या पत्रिकांच्या खाली.

"सायबानं सोताच्या हातानं दिल्तं," आबा म्हणाले. "घरी पोराला दे म्हनला."

एवढंच. मग ते खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी कार्ड दिव्याखाली धरलं. चौकोनी कोपरे. कोरी पाठ. हिरवा लंगोट. पण एवढ्याने काही सिद्ध होत नाही. माझ्या कार्डाचा फोटो मी ग्रुपवर टाकला होता आणि त्यावरून रंगीत छपाई काढून लोकांना गंडवणारे निघाले होते. म्हणून माझ्याकडे एक खूण होती, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. पैलवानाच्या डाव्या घोट्याजवळ, अगदी कडेला, केसाएवढी पांढरी रेघ. छापायच्या पत्र्यावर ओरखडा असावा. माझं कार्ड चौकटीत असतं, रेघ चौकटीखाली झाकली जाते, फोटोत दिसत नाही. नकली बनवणाऱ्याला ती ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

भिंग घोट्यावर नेलं. रेघ होती.

मी भिंग उगाच इकडून तिकडे फिरवत होतो. डोक्यात काय चाललं होतं सांगू? दुसरं निघालं म्हणजे तिसरं निघणार. एका कामगाराच्या घरी आहे तर बाकीच्यांच्याही असणार. मग माझं कार्ड कुठलं एकमेव? आणि मी तरी कोण — रद्दीत नशिबाने काहीतरी हाती लागलेला एक चष्मेवाला? लोभ होता म्हणावं तर मला ते विकायचंही नव्हतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"छपाई नंतरची वाटते," मी म्हणालो.

वाटते! पक्कं खोटं बोलायचीही हिंमत नव्हती. पण मंडळींना तेवढं पुरलं. कोणीतरी च्च केलं. दत्ताचा चेहरा उतरला. आबांना आधी कळलंच नाही, मग कळलं.

"म्हंजे मी खोटं बोलतोय व्हय?"

तेव्हा मी मागे फिरू शकलो असतो. पुन्हा एकदा बघतो, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोणाला काही वाटलं नसतं. मी चष्मा पुसत बसलो.

आमच्यात एक नियम आहे. बनावट कार्डाचा कोपरा कापायचा, म्हणजे ते पुढे कोणाला फसवणार नाही. ज्याने आणलं त्यानेच कापायचा, सगळ्यांसमोर. नियम मीच काढलेला. दत्ता नियमाचा पक्का. त्याने ड्रॉवरमधून कात्री काढली आणि वडिलांपुढे धरली. तो चिडला होता, चारचौघांत शोभा झाली म्हणून.

"तुमीच कापा, आबा."

आबांनी कात्री घेतली. कार्ड पात्यांमध्ये नीट येईना. आणि मी — हेच ते, हेच मला इतका वेळ सांगायचं होतं — मी पुढे झालो आणि कार्ड धरलं. दोन बोटांत, घट्ट, कापायला सोपं जावं म्हणून. अस्सल आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि कार्ड मी धरलं होतं. आबांनी कोपरा कापला. तुकडा माझ्या तळहातावर पडला. मी तो केराच्या डब्यात टाकला आणि सगळ्यांना चहा सांगितला. आबांनी घेतला नाही.

पुढे दत्ता येत राहिला, आबा कधी आले नाहीत. गेल्या हिवाळ्यात ते वारले. मी शिंगणापूरला भेटायला गेलो. दत्ता ओट्यावर बसला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग तो आपणहून त्या कार्डावर आला. त्या दिवशी घरी जाताना तो वडिलांना फार बोलला होता. म्हातारपणी लोकांत हसं करून घेता, असं. त्यानंतर आबांनी छापखान्याचं नाव काढणंच सोडलं. पूर्वी नातवंडांना रोज तिथल्या गमती सांगायचे, त्याही बंद. शेवटच्या दुखण्यात मात्र एकदा आपण होऊन म्हणाले, "चश्मेवाला कशाला खोटं बोलंल? माझंच कायतरी चुकलं आसंल. सायबानं दिल्तं आसं मलाच वाटत आसंल."

सांगताना दत्ता रडत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, मानूस इतका कसा इसरतो हो?"

आम्ही दोघंच होतो. घरातली माणसं आत होती. सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "वयोमानाने होतं असं."