एका दमातला संवाद

राईस मिलमधली पाळी संपवून तेजराम घरी आला, तेव्हा बायको सायत्रा दिवाळीसाठी कपाट आवरत होती. पसाऱ्यात त्याला जुनी कॅसेट सापडली. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची. त्यात राजा झालेला तेजराम मोठा संवाद एका दमात म्हणायचा. यंदाही राजा तोच होता.

त्याने टेप लावला आणि आपल्याच आवाजाबरोबर बोलू लागला. अर्ध्यावर खोकल्याची ढास लागली. टेपमधला राजा पुढे निघून गेला.

"पाणी देऊ काय, राजेसाहेब?" सायत्रा हसली.

त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी दुसऱ्याच वाक्याला दम संपला.

"डॉक्टरले दाखवून या ना जी." आता ती हसत नव्हती.

"मंडई होऊ दे," म्हणत त्याने टेप पुन्हा मागे फिरवला.