बाबारावांचा धूर

बाबाराव घाबरट आहेत, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. उमरेडच्या विणकराचा हा मुलगा. शहरात येऊन महाल भागात घर केलं, तीस वर्षं कारकुनी केली, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण डास दिसला की या गृहस्थाला डेंग्यू झालाच म्हणून समजा! दिवेलागणीला ते कडुनिंबाच्या पाल्याचा असा धूर करायचे की डासांआधी शेजारीच पळायचे.

गेल्या वर्षी मात्र या भीतीला खरं कारण मिळालं. सात वर्षांच्या नातीला, वेदिकाला, एक मधमाशी चावली आणि पोरीचा गळाच सुजला. पुन्हा चावली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

म्हणून कार्तिकात आवळीभोजनाला कन्हान नदीच्या काठी जायचं ठरलं, तेव्हा बाबाराव अडून बसले.

"मामाजी, पोरीले किती दिवस कोंडून ठेवता?" सून हर्षा म्हणाली.

"चला मग. पण पोरगी माह्या नजरेखालून हलली नाई पाह्यजे."

तिथं पोचताच त्यांनी आवळ्याची फांदी न् फांदी तपासली. पोळं नव्हतं. झाडाखाली सतरंजी अंथरली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजायला ठेवले. तेवढ्यात वेदिकाच्या पायाशी डास घोंगावू लागले. बाबारावांना राहवेना. त्यांनी निखाऱ्यांवर ओला कडुनिंब टाकला. दाट धूर उठला आणि वाऱ्यानं शेजारच्या उंच झाडात शिरला. ते झाड काही त्यांनी तपासलं नव्हतं. त्याच्या शेंड्याला आग्या मोहोळ लटकत होतं.

"माशा उठल्या! पळा!" कुणीतरी ओरडलं. सगळे गाडीकडे धावले. डासाला भिणाऱ्या बाबारावांनी मात्र ताटांसकट सतरंजी ओढली, वेदिकाला तिच्यात गुंडाळलं आणि वर पालथे पडले. मानेवर, कानांवर, हातांवर आग आग होत होती. त्याचं त्यांना काहीच नव्हतं. धूर आपणच केला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

बऱ्याच वेळानं भणभण थांबली. हर्षा हाका मारत धावत आली. सतरंजी उघडायची बाबारावांची छाती होईना.

"वेदू, चावली का वं?"

बाबारावांनी सतरंजीला कान लावला.

"वेदू! बोल ना वं माय!"

मग खालून चिरडलेला आवाज आला, "नाई चावली. पण उठा ना आबाजी, मले श्वास घेता येऊन नाई राहिला."