गिटारची वाकडी मान

टूनगॅबीच्या ओढ्यावरचा लाकडी पूल मागे पडला तरी चित्रलेखाचं कौतुक काही संपेना. करुणा मास्कच्या आडून बोलत होती आणि शांता "हो का" आणि "वा" यापलीकडे काही म्हणत नव्हती.

"अगं, पोरीचा हात काय हलका आहे! खोका उघडताना चिकटपट्टीसुद्धा फाडत नाही. कांद्याची साल काढावी तशी अलगद सोलते."

"कांदा तरी चिरता येतो का तिला?"

करुणा खळखळून हसली. "तुझं आपलं काहीतरीच, शांते. स्वयंपाक मीच करते. ती जेवते."

म्हणजे जेवायलासुद्धा तिथेच असते. शांताने चालण्याचा वेग वाढवला.

सिडनीतला तो दुसऱ्या वर्षीचा लॉकडाऊन होता. दोघींनी मिळून बाहेर चालायला परवानगी होती, पण कुणाच्या घरात पाऊल टाकायला नव्हती. एकट्या राहणाऱ्याला मात्र एक सवलत होती. त्याने एक नाव ठरवायचं आणि तेवढ्या एकाच माणसाला घरात घ्यायचं. करुणा एकटी राहायची. टीव्हीवर हे ऐकल्यावर शांताने विचारायचीसुद्धा गरज मानली नाही. बेसनाच्या वड्या थापल्या, डबा भरला आणि फोन लावला, "कधी येऊ?"

मग करुणा म्हणाली, "शांते, मी चित्रलेखाचं नाव ठरवलंय."

वड्या शांताच्या नवऱ्याने, धर्मपालने, खाल्ल्या. चांगल्या झाल्यात म्हणाला. ती त्याच्याशी दिवसभर बोलली नाही.

त्या एका नावावर आपला हक्क होता, असं शांताला अजून वाटत होतं. दोघी एकाच वर्षी शिकायला आल्या होत्या. ब्लॅकटाउनला एका खोलीत, एका गादीवर राहिल्या होत्या. पुढे करुणाचा नवरा नोकरीसाठी म्हणून पर्थला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा कितीतरी दिवस शांताच तिच्या खोलीत जमिनीवर झोपत होती. करुणा रडली नाही. मराठी शाळेतून आलेली, अकाउंट्सची डिग्री घेतलेली ही बाई एका वाद्यविक्रेत्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली आणि तिथेच राहिली. गंमत म्हणजे तिला स्वतःला एक सूर लावता येत नाही. बुद्धवंदनेतल्या गाथासुद्धा ती ओठांतल्या ओठांत म्हणते, शेजारचा बिघडू नये म्हणून.

काम मात्र तिचं चोख. घरी जोडायच्या इलेक्ट्रिक गिटारचं सामान सुटं येतं. खोक्यात लाकडी धड, लांब मान, तारा पिळायच्या खुंट्या, वायरी, स्क्रूंच्या पुड्या. गिऱ्हाइकाकडे जायच्या आधी प्रत्येक खोका उघडायचा आणि मान सरळ आहे का, धडातल्या खाचेत नीट बसते का, वायरीतून करंट जातो का, हे पाहायचं. कारण गिऱ्हाइकाने एकदा भोकं पाडली की माल परत घेत नाहीत. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या लोकांनी ही किटं धडाधड मागवली. गोडाऊन बंद होतं, म्हणून मालकाने खोकी करुणाच्या गॅरेजमध्ये पोचवायला सुरुवात केली. आणि तिच्या हाताखाली आली ही चित्रलेखा. हंगामी कामावरची, दोन वर्षांपूर्वी भारतातून आलेली. उठता-बसता "नो वरीज, ताई" म्हणणारी.

"ताई म्हणते ना ती तुला?" शांताने विचारलं.

"म्हणते. तुला काय म्हणायला हवंय? आजी?"

शांताच्या पोटात तीन दिवसांपासून एक गोष्ट दडली होती. आता तिला राहवेना.

धर्मपालनेही एक किट मागवलं होतं. खोक्यावर तपासल्याचा हिरवा शिक्का होता. तो ड्रिल मशीन शोधत असताना शांताने मान खाचेत बसवली आणि शिवणाचा दोरा वरपासून खालच्या ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीपर्यंत, ताणून धरला. करुणानेच कधीतरी तिला हे दाखवलं होतं. दोरा मानेच्या मधोमध जायला हवा. तो एका कडेला गेला, चांगला तांदळाच्या दाण्याएवढा. खाचच तिरकी कोरलेली होती. मुळात तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटला तो आनंद. माना चित्रलेखा तपासते हे करुणानेच सांगितलं होतं ना! "थांबा, भोकं पाडू नका," असं नवऱ्याला सांगून ती संध्याकाळच्या वंदनेला बसली. कुणाबद्दल कठोर बोलू नये, असं स्वतःला बजावत राहिली आणि डोळे मिटले की तो दोराच दिसत राहिला.

"तुझ्या लाडकीचं काम सांगू का?" ती म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तांदळाचा दाणा बोटावर धरून दाखवल्यासारखा दाखवला.

करुणा थांबली. तिचं हसू मास्कच्या वरूनसुद्धा गेलेलं कळलं.

"दोरा घट्ट धरला होतास? दोन्हीकडे?"

"हो."

"कुठे सरकला?"

"जाड तारेच्या बाजूला. अगं, माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे." करुणा वाटेकडेच्या बाकावर बसली. "ती मान चित्रलेखाने नाही बघितली. मी बघितली."

शांताला हे खोटं वाटलं. पोरीला झाकतेय, असं वाटलं. तिने तसं बोलूनही दाखवलं.

"खोक्यावर तुमचा पत्ता होता," करुणा म्हणाली. "ती हात घालत होती. मी म्हटलं, राहू दे, हे माझ्या मैत्रिणीच्या घरी जायचंय, हे मीच बघणार. तिला चहा करायला पाठवलं."

करुणाने चष्मा काढून पुसला.

"डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. शुगरमुळे लवकर आला. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, करोनात पुढे ढकलली. एका रेघेच्या दोन दिसतात. म्हणून माना ती बघते, वायरी आणि खुंट्या मी बघते. तिला घरात घ्यायला दुसरं काय कारण असणार, वेडे?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू रविवारी झूमवर वंदना झाली की सगळ्यांना डोळे मिटून माझ्यासाठी मैत्री भावना करायला लावली असतीस. आणि सोमवारी कुणीतरी डोळ्यात घालायला मध आणून दिला असता."

हे इतकं खरं होतं की शांताला रागावताही येईना. "आणि तिला सांगितलंस!"

"नाही सांगितलं. तिने ओळखलं. एक दिवस मी मान उलटी धरून बघत होते."

म्हणजे तिने ओळखलं आणि मी ओळखलं नाही. आठवड्यातून तीनदा बरोबर चालते आणि ओळखलं नाही. शांताला ते मघाच्या सगळ्यापेक्षा जास्त झोंबलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "मी तक्रारच करत नाही. किट टाकते कपाटावर. ह्यांना सांगते, काहीतरी दुसरं शिका."

"तसं नाही चालायचं. त्याच खेपेतली आणखी धडं तिरकी असतील. लोक भोकं पाडून बसतील. मालकाला कळायलाच हवं. पण कळलं की तो शिक्का बघणार आणि म्हणणार, माना पोरगी बघते. तिला काढायला त्याला एक फोन पुरे."

"मग तूच सांग त्याला."

"माझं ऐकणार नाही. गेल्या महिन्यात तिच्या हातून एक खुंटी तुटली ती मी माझ्या अंगावर घेतली होती, आणि त्याने ते ओळखलं होतं. आता काही म्हटलं तरी त्याला वाटणार की मी तिला पाठीशी घालतेय. गिऱ्हाइकाचं ऐकेल."

शांताच्या मनात आलं, आत्तासुद्धा तीच. डोळा हिचा, नोकरी हिची, आणि काळजी त्या पोरीची. "आणि तुझ्या कामाचं काय? एकदा डोळ्याचं कळलं की तो तुला ठेवील का?"

करुणाने चष्मा लावला आणि शांताचा हात धरला. त्या दिवसांत कुणी कुणाचा हात धरत नसे.

"तक्रार तू लिही, शांते. आजच लिही, धर्मपालांना लिहायला लावू नकोस. त्यात लिही की हे किट करुणाने एकटीने तपासलं, तिने स्वतः मला सांगितलं. डोळ्याचंही लिही. आणि चित्रलेखाचं नाव त्यात कुठेही येऊ देऊ नकोस. एवढं करशील माझ्यासाठी?"