माझी सोंगटी

हरण्याचं मला कधी फारसं वाटलं नाही. डाव चालू असताना उठवलं, की मात्र माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

धाकटे काका पलटणीत होते. लढाईच्या दिवसांत ते रजेवर साताऱ्याला आले ते एक नवा खेळ डोक्यात घेऊनच. छावणीत कुणा साहेबाची मुलं खेळताना त्यांनी तो पाहिला होता. पटावर सगळा जन्म मांडलेला. दान पडेल तसं पुढं सरकायचं आणि म्हातारपणाला जो आधी पोचेल तो जिंकला. काकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आठवून आठवून पट आखला, घरं मात्र आपल्याकडची घातली. बारसं, शाळा, मॅट्रिक, नोकरी, लग्न, विहिरीला पाणी लागलं, हिवताप आला, आणि सगळ्यांत शेवटी काशी. फाशांच्या जागी कवड्या.

लग्नाच्या घरात प्रत्येकाला थांबावंच लागे. तिथून मुलाची सोंगटी पुढं जायची. मुलीची सोंगटी सासरी गेली, म्हणून पटावरून उचलायची. काकांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना दुसरं काही सुचलंच नाही, आणि खेळणाऱ्या वडिलांना नि दादालाही त्यात काही खटकलं नाही. चौथा गडी हवा म्हणून मला घेत, आणि सोंगटी उचलली की चहा टाकायला पाठवत.

काकांच्या त्याच रजेत रहिमतपूरहून मला स्थळ आलं. माझी सातवी झाली होती, चौदावं लागलं होतं. सांगलीची आत्या मला ठेवून घ्यायला तयार होती, तिथल्या हायस्कुलात घालते म्हणत होती. मला मॅट्रिक व्हायचं होतं. त्यासाठी मी रडले, जेवण टाकलं, वडिलांशी अबोला धरला. वडील हसून म्हणायचे, चार दिवसांत निवळेल.

एका दुपारी खेळताना मी लग्नाच्या घरात आले. काकांनी हात पुढं केला तशी मी सोंगटीवर बोट दाबून धरलं. मी उठणार नाही म्हणाले. दादा चिडला, वडील म्हणाले, नियम तो नियम. मी बोट काढलं नाही. दोघांनाही वाटेल ते बोलले, ते इथं लिहीत नाही.

आई आत तांदूळ निवडत होती. ती आटपाडीकडची, अक्षरओळख नसलेली, पुरुषमाणसांत बसून कधी न बोललेली. सूप हातात घेऊनच ती बाहेर आली नि पटाकडं बघत उभी राहिली. कुठल्या घरात काय ते तिनं काकांना विचारून घेतलं. मग वडिलांना म्हणाली, "आवं, माझं लगीन हून इतकी वर्सं झाली. मी अजून जित्ती हाय न्हवं? मग पोरीची सोंगटी उठवायची ती कशापायी?"

काकांनी हात मागं घेतला आणि कवड्या माझ्याकडं सरकवल्या. मी पुढं खेळले, दोनदा हिवतापात सापडले आणि सगळ्यांच्या मागून काशीला पोचले. पण पोचले. मला इतका आनंद झाला की मी दादाला चहा टाकायला सांगितलं.

आई मात्र तेवढ्यावर थांबली नाही. पोरगी सांगलीला जाणार, असं तिनं त्याच संध्याकाळी वडिलांना सांगितलं. वडील भडकले. पाहुणे परवा यायचे आहेत, त्यांना आता कुठल्या तोंडानं सांगू, म्हणाले. मी सांगते, असं आई म्हणाली. ते त्यांनी खरं धरलं नाही.

पाहुणे आले. सोप्यात घोंगडी अंथरली होती, पानसुपारी झाली. मुलीला बोलवा असं कुणीतरी म्हणालं, आणि माझ्याऐवजी आई बाहेर गेली. मी दाराआड उभी होते. तिनं डोईवरचा पदर नीट केला.

"पोरगी शिकाया सांगलीला चाललीया. मॅट्रिक झाल्याबिगार आमी लगीन करत न्हाई. तुमाला हेलपाटा पडला, राग मानू नगा."

पाहुण्यांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. ते वडिलांकडं वळले आणि तुमचं काय म्हणणं, असं विचारलं. वडिलांनी पानाचा देठ खुडला. माझा जीव दाराच्या कडीत अडकला होता.

"माझं काय," वडील म्हणाले. "ती म्हणती तेच."