लूप लाइनवर अडकलेलं लुगडं

सकाळीच फोन आला, आत्या गेली. बाबांची एकुलती बहीण, गोंदियाच्या पुढं एका खेड्यात दिलेली. आमच्याकडं बाई गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिले उचलत नाहीत, आणि आत्याच्या माहेरात आता बाबाच उरले होते. तिचा पोरगा फोनवर म्हणाला, "मामा, दिवस बुडायच्या आत या. तोवर थांबतो."

मी म्हटलं, नेहरू नगरातून जीप ठरवू. बाबा भडकलेच. "जीप कावून? आपल्या रुळावरून गाडी जाते न!" जन्मभर त्यांनी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या रेल मिलमध्ये रूळ तपासले. आपण पास केलेल्या रुळावर गाडी दगा देत नाही, असं त्यांचं पक्कं मत. असला भरवसा भिलाईतलाच माणूस ठेवू जाणे! मीही मेली चूप बसली. तिथंच घात झाला.

लुगडं पिशवीत घालून निघालो, पण राजनांदगावच्या पुढं एका लहान स्टेशनात आमची पॅसेंजर लूप लाइनवर घातली, म्हणजे मालगाड्यांले वाट द्यायले बाजूले काढून ठेवली. कोळशाची गेली. मग लोखंडाच्या दगडाची. मग पुन्हा कोळशाची. दुपार टळली. समोरची बाई शेंगा सोलून राहिली होती. मी हळहळली तर म्हणते, "रोजचंच हाय बाई. आपल्या गाडीत भरलं काय हाय? माणसंच न!"

तेवढ्यात नव्या रुळांनी भरलेली मालगाडी आली. लांबच लांब रूळ, डबे संपता संपेनात. बाबा उठून खिडकीशी उभे राहिले. "आपले हायत," म्हणाले. "दूर कुठंतरी नवी लाइन टाकून राहिले असतील."

मायं डोकंच फिरलं. "टाकू द्या! तिकडं फास्ट गाड्या, चकचकीत स्टेशनं, नवे कारखाने. कोळसा आपला, लोखंड आपलं, रूळ आपला, अन् आपलीच गाडी बाजूले. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते!"

बाबा खाली बसले. लुगड्याची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. म्हणाले, "जीपचं तू म्हटलं होतं. मग जोर कावून नाही केला?" त्या प्रश्नाचा राग मले अजून येते, अन् त्याहून जास्त स्वतःचाच.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आंगण धुऊन काढलं होतं. आत्याचा पोरगा बाबांच्या पाया पडला. "मामा, लय वाट पाहिली. दिवस बुडायले लागला तवा शेजारच्या काकूनं पेटीतलं आपलं कोरं लुगडं आणून टाकलं. म्हणे, मीच हिची बहीण."

ती काकू तिथंच ओट्यावर बसली होती. बाबांनी पिशवीतलं लुगडं काढून तिच्यापुढं धरलं. ती दचकून मागं सरकली. "नको दादा. मेलेल्या बाईच्या नावानं आणलेलं मी कसं नेसू?"

बाबा लुगडं हातात घेऊन आंगणात उभेच राहिले. ते घ्यायले कोणीच पुढं येईना.