आमच्या म्हशीचा पिच्चर

थिएटरात कुणी बोललेलं मला खपत नाही. 'शू' करण्यात माझा हात धरणारं कोल्हापुरात कुणी नसेल. घरचे तर माझ्याबरोबर पिच्चरला यायलाच भितात.

त्या दिवशी मात्र आईला घेऊन गेलते. आई असते गडहिंग्लजकडच्या आमच्या गावात. तिथं मागं एका पिच्चरचं शूटिंग झालं आणि आमच्या म्हशीला त्यात काम मिळालं. काम काय, तर गोठ्यात मान वर करून बघायचं. पण ती कसली बघती! वैरणीतनं तोंडच काढीना. शेवटी आईला कॅमेऱ्याला चिकटून उभं केलं, आईनं हाक मारली, तेव्हा कुठं बाईसाहेबांनी वर बघितलं.

पिच्चर लागायच्या आत म्हस गेली. आईला चार दिवस घास गेला नाही. म्हशीचा एक धड फोटोसुद्धा घरात नव्हता. त्यामुळं पिच्चर लागल्याचं कळलं तशी ती पहिल्या एसटीनं माझ्या दारात हजर.

"तिथं बोलायचं न्हाय हं," मी दम भरला. बिचारी तोंडाला पदर लावून बसली.

पुढच्या रांगेत एक धिप्पाड गडी होता. त्याचा फोन वाजला. "बोल की, बोल! पिच्चरला आलोय, रिकामाच हाय!" मी तीनदा शू केलं. ढिम्म! तेवढ्यात पडद्यावर गोठा दिसला. आईनं माझा हात घट्ट धरला, आणि नेमका हा बाबा उठून उभा राहिला. "आवाज येतोय का? हॅलो?" तो खाली बसेपर्यंत पडद्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या अक्षता पडत होत्या.

"गेली व्हय गं?" आईनं हळूच विचारलं. माझं टाळकंच सटकलं.

"अवो पावणं, तुमची पाठ बघाय आलीया व्हय माझी आई, एवढ्या लांबनं?"

"असू दे गं," आई म्हणाली. "त्यास्नी काय ठावं, आपली म्हस हुती ते."

"आता कुठाय म्हस?" त्यानं विचारलं.

"मेली की रं लेकरा."

गड्यानं फोन बंदच केला. कोल्हापूरचा माणूस सगळं हसण्यावारी नेईल, म्हस नाही. "मावशी, चुकलं माझं. पुढच्या खेळाची तिकिटं मी काढतो. मी बी बसतो तुमच्यासंगं."

आणि खरंच बसला! शिवाय खेळ सुरू व्हायच्या आधी उभा राहून ओरडला, "गोठा आला की कुणी उठायचं न्हाय! मावशीची म्हस हाय!" शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. मग काय विचारता! मागचे विचारायचे, "मावशी, आली का?" आईनं तोंडावरचा पदर सोडला आणि म्हस दूध किती द्यायची, जावयाला लाथ कशी घातली, सगळं खुलून सांगितलं. लाथ बसलेला जावई म्हणजे माझाच नवरा. मी हसून हसून बेजार. शू करायचं ध्यानातच आलं नाही.

गोठा आला. सगळे चिडीचूप. म्हशीनं वैरणीतनं तोंड काढलं, मान वर केली आणि सरळ आईकडं बघितलं.

"हाय गं बाई," आई मोठ्यानं म्हणाली, "हितंच हाय मी."