बरोबरी न सोसणारा सुभेदार

२०२२ साल होतं आणि मी बाहत्तर वर्षांचा होतो. वय सांगायचं कारण असं, की आमचा सुभेदार मला त्यावरूनच टोचायचा. "पैलवान, पन्नास साली फुटबॉलच्या वर्ल्डकपला आपल्या देशाला बोलावणं आलंतं. आपण गेलो न्हाई. आन त्याच साली तू जन्मलास. म्हणून असा अडून बसतुयास."

सुभेदार माझ्याच गल्लीतला. फौजेत पलटणीच्या टीमकडून खेळलेला. पेन्शनीत आला तरी त्याचे पाय काही गप्प बसले नाहीत. पारावर बसल्या बसल्या चपलेनं खडा इकडून तिकडं करायचा. रस्त्यात करवंटी दिसली की लाथ ठरलेली.

मी चौथी शिकलो आणि तालमीत वाढलो. वर्ल्डकपचा इतिहास मला ठाऊक आहे तो त्याच्या तोंडून. पहिला कप उरुग्वेनं आपल्याच घरी जिंकला. मोठ्या लढाईनं मधले दोन कप खाल्ले. हे सांगताना फौजी असूनही तो लढाईवर चिडायचा. इंग्लंडात कप चोरीला गेला आणि एका कुत्र्यानं हुडकून दिला. मी म्हटलं, "मग कुत्र्यालाच द्यायचा की." त्यावर तो दिवसभर बोलला नाही. पन्नास सालावर आला की मात्र उठून उभा राहायचा. "बूट नव्हतं म्हणून गेलो न्हाई, असं लोकं सांगत्यात. ते मागनं जुळवलेलं. जायाचं कुणी मनावरच घेतलं न्हाई, गड्या."

मॅच बघायची त्याची तऱ्हा वेगळी होती. जी टीम मागं, ती त्याची. तिनं गोल फेडून पुढं मजल मारली की हा दुसरीकडं. त्यामुळं जिंकणाऱ्यांच्या बाजूला तो कधी नसायचाच. आणि बरोबरी झाली की त्याचे हाल व्हायचे, कारण उभं राहायला बाजूच उरायची नाही. आमच्या फडात तसं नसतं. कुस्ती लांबली की पंच सोडवतात, दोघांना फेटे बांधतात, दोघंही मानानं घरी जातात. मला तेच पटतं.

आमच्या दोघांत एक गोष्ट लोंबकळत होती. ओढ्याकडचं माझं एकरभर पड रान. गावची पोरं-पोरी तिथं सुभेदाराच्या शिट्टीवर खेळायची. त्याला ते मैदान म्हणून कायमचं हवं होतं, माझ्या थोरल्याला तिथं ऊस लावायचा होता. मी दोघांनाही "बघू" म्हणत आलो. रान माझं, मला कोण घाई करणार?

त्या साली सुभेदाराच्या छातीचं दुखणं वाढलं. त्याचा मुलगा त्याला कायमचा पुण्याला न्यायला आला, पण फायनल बघितल्याशिवाय हलणार नाही म्हणून हा अडून बसला. माझा थोरलाही बेरकी. सुभेदार ज्या सकाळी जाणार, तीच सकाळ त्यानं नांगराला धरली. ट्रॅक्टर सांगून झाला, उसाचं बेणंही सांगून झालं.

फायनलला मी त्याच्या घरी गेलो. अर्जेंटिनानं दोन गोल चढवले, तसा सुभेदार फ्रान्सचा झाला. फ्रान्सनं दोन्ही फेडले आणि त्याच्या दारापासून टीव्हीपर्यंत येरझाऱ्या सुरू झाल्या.

"आवं, बसा की जरा. उंबरा झिजला," वहिनी म्हणाल्या.

"उंबरा ऱ्हातुय हितंच. मीच चाललोय."

वहिनी आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

जादा वेळ संपला तेव्हा तीन-तीन. मी म्हटलं, "सुटली कुस्ती. दोघांस्नी फेटं बांधा."

सुभेदार टीव्हीकडं पाठ करून माझ्यासमोर उभा राहिला. "न्हाई पैलवान. हितं पेनल्टी मारावी लागती. हरणाऱ्याला रडू दे, पर ठरतंय तरी. तू माझ्या मैदानाला कवाधरनं फेटा बांधून बसवलंयस. ऊस लावायचा तर लाव. मी वाईट वाटून घीन, पर जाताना मला 'बघू' म्हणू नगंस."

पेनल्टी त्यानं बघितल्याच नाहीत, भिंतीकडं तोंड करून उभा होता. अर्जेंटिना जिंकली म्हणून मीच सांगितलं. "बरं झालं, ठरलं एकदाचं," एवढंच म्हणाला, आणि तो टीव्हीबद्दल बोलत नव्हता हे मला कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुण्यातच वारला. तोवर फोनवर खुशाली विचारायचा, पण रानाचं त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. गावातल्या कुणी सांगितलं असेल, नसेल. आपण होऊन सांगणारा माणूस मी नाही.

फायनलच्या दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी उजाडायच्या आधीच गेली होती. मी रानात पोचलो तर ट्रॅक्टर येऊन उभा आणि थोरला बांधावर. ड्रायव्हरला म्हटलं, "नांगर सोड. फळी जोड." थोरला म्हणाला, "आबा, बेणं सांगितलंय." म्हटलं, "वरच्या रानात लाव." मग ड्रायव्हरच्या पुढं चालत, कुठं उंचवटा आहे ते काठीनं दाखवत, सगळं रान सपाट करून घेतलं.